शोध घेणे, शोध लागणे, शोध लावणे : इंग्रजीतील काही क्रियापदांविषयी

मराठी कागद इंग्रजीत आणि इंग्रजी कागद मराठीत उतरवून देणे हा माझा सांगलीतला व्यवसाय आहे. माझ्याकडे न्यायालयीन दाव्यांची कागदपत्रे येतात, द्राक्षबागायतदारांना प्रयोगशाळेकडून मिळालेले अहवाल येतात, इतिहासाच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध येतात. या सगळ्यांत कोणीतरी काहीतरी शोधलेले असते, आणि ते कसे शोधले हे न्यायाधीशाला, आयातदाराला किंवा परीक्षकाला नेमके समजावे लागते. इंग्रजीत या एका व्यवहारासाठी क्रियापदांचा मोठा परिवार आहे. त्यांतले प्रत्येक क्रियापद शोधलेल्या गोष्टीबरोबर शोधणाऱ्याविषयीही बोलते : आपण काय शोधत आहोत हे त्याला आधी ठाऊक होते का, ती गोष्ट कोणी दडवली होती की ती नुसतीच दुर्लक्षित पडली होती, आणि हाती लागलेल्या माहितीची हमी तो कितपत घेतो आहे. हे ध्यानात न घेता सगळीकडे ‘फाइंड आउट’ लिहिले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते आणि आशयाने खोटे ठरते.

आधी नेहमीची जोडी घेते. ‘फाइंड’ वस्तूला लागते आणि ‘फाइंड आउट’ माहितीला. हरवलेली चावी ‘फाइंड’ होते. मिरज जंक्शनवरून कोल्हापूरची गाडी किती वाजता सुटते, हे ‘फाइंड आउट’ करायचे असते. हा फरक पाठ्यपुस्तकात असतो, परंतु त्याच्या पोटातला दुसरा फरक तिथे सहसा सांगितलेला नसतो. ‘फाइंड आउट’ केलेली माहिती बहुधा कोणाला तरी आधीपासून माहीत असते. ती वेळापत्रकात लिहिलेली असते, शेजाऱ्याच्या तोंडी असते, तलाठ्याच्या दप्तरात असते. आपण फक्त विचारून किंवा पाहून ती आपलीशी करतो. म्हणून खगोलशास्त्रज्ञाने नवा ग्रह ‘फाइंड आउट’ केला असे लिहिता येत नाही, कारण तो ग्रह आधी कोणालाच ठाऊक नव्हता. आणि हेच क्रियापद माणसाला लावले की त्याला वेगळीच धार येते. ‘ही वॉज फाउंड आउट’ याचा अर्थ तो माणूस सापडला असा नाही, त्याचे बिंग फुटले असा आहे.

‘फाइंड’चा न्यायालयातला अर्थ मला विशेष मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या दिवाणी निकालपत्रात एका रकान्यात मुद्दे असतात आणि समोरच्या रकान्यात निष्कर्ष असतात : होकारार्थी, नकारार्थी, अंशतः होकारार्थी. इंग्रजी निकालपत्रात या दुसऱ्या रकान्यावर ‘फाइंडिंग्ज’ असे लिहिलेले असते. न्यायालयाने काही हुडकून काढलेले नसते. दोन्ही बाजूंनी समोर ठेवलेला पुरावा तोलून ते एका निर्णयाला आलेले असते, आणि त्या निर्णयामागे अधिकार असतो. ‘द कोर्ट फाइंड्स’ याचे ‘न्यायालयाला आढळले’ असे भाषांतर पुष्कळदा दिसते. ‘आढळले’मध्ये सहज नजरेस पडल्याची छटा आहे आणि विचारपूर्वक दिलेल्या निर्णयाला ती शोभत नाही. तिथे ‘न्यायालय या निष्कर्षाप्रत आले आहे’ असेच लिहावे, वाक्य चार शब्दांनी लांबले तरी चालेल.

ब्रिटिश तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली एक भेद मांडला होता : काही क्रियापदे धडपड सांगतात आणि काही त्या धडपडीचे फळ सांगतात. ‘लुक फॉर’ आणि ‘सर्च’ ही पहिल्या प्रकारची, ‘फाइंड’ आणि ‘डिस्कव्हर’ ही दुसऱ्या प्रकारची. माणूस तासभर ‘लुक फॉर’ करू शकतो, पण तासभर ‘फाइंड’ करू शकत नाही. मराठीत ‘शोधणे’ हे मुळात धडपडीचे क्रियापद आहे. ‘मी चावी शोधली’ एवढ्यावरून ती मिळाली की नाही हे ठरत नाही, म्हणून आपण ‘शोधून काढली’ किंवा ‘शोधली आणि सापडली’ म्हणतो. विद्यार्थी प्रबंधाच्या प्रस्तावनेत ‘या काळातील जकातीच्या नोंदी शोधल्या’ असे लिहितो, तेव्हा इंग्रजीत ‘सर्च्ड फॉर’ लिहायचे की ‘फाउंड’ हे त्याला विचारल्याखेरीज मला ठरवता येत नाही. पुढच्या सगळ्या प्रकरणाचे वजन त्या उत्तरावर अवलंबून असते.

मात्र यावरून मराठी या बाबतीत मोघम आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. आपण हा सूक्ष्म भेद मुख्य शब्दात न ठेवता त्याच्या सोबतीला येणाऱ्या क्रियापदात ठेवतो. शोध घेतला, शोध लागला, शोध लावला : नाम तेच, पण पहिल्यात नुसता प्रयत्न आहे, दुसऱ्यात फळ आहे आणि कर्त्याचा उल्लेख नाही, तिसऱ्यात फळही आहे आणि ते मिळवणाऱ्याचे कर्तृत्वही आहे. ‘पत्ता लागणे’, ‘सुगावा लागणे’, ‘छडा लावणे’, ‘माग काढणे’, ‘कानोसा घेणे’ हे सगळे याच पद्धतीने चालते. इंग्रजीतून आलेले वाक्य मराठीत बसवताना मी आधी हे सोबतीचे क्रियापद ठरवते आणि मग नामाकडे वळते.

आता ‘डिस्कव्हर’. लॅटिनातून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आच्छादन दूर करणे असा आहे. गोष्ट आधीपासून तिथे होती, तिच्यावरचा पडदा तेवढा बाजूला झाला. ‘इन्व्हेंट’मध्ये पूर्वी नसलेली गोष्ट घडवली जाते. मजेचा भाग असा की ‘इन्व्हेंट’चे लॅटिन मूळही ‘समोर येणे, गाठ पडणे’ असेच सांगते, आणि ख्रिस्ती परंपरेत क्रूस सापडल्याच्या स्मरणार्थ जो सण होता त्याला इंग्रजीत ‘इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस’ म्हणत असत. दोन्ही शब्द जवळजवळ एकाच जागेवरून निघाले आणि शतकानुशतके दूर जात राहिले. मराठीत न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला आणि एडिसनने १८७७ साली फोनोग्राफचा शोध लावला, ही दोन्ही वाक्ये एकाच साच्याची आहेत. हिंदी या ठिकाणी ‘आविष्कार’ वापरते, पण मराठीत आविष्कार कलेचा असतो, भावनेचा असतो, यंत्राचा नसतो. त्यामुळे मराठी मजकूर इंग्रजीत नेताना ‘शोध लावला’ दिसले की ती गोष्ट आधी जगात होती का, हे पाहावेच लागते.

‘डिस्कव्हर’ कोणाला शोभते याचे सर्वांत बोलके उदाहरण मला नेपच्यूनच्या कथेत दिसते. १६१२च्या डिसेंबरात आणि १६१३च्या जानेवारीत गुरूच्या चंद्रांचे निरीक्षण करताना गॅलिलिओने जवळच दिसणारा एक ठिपका आपल्या आकृत्यांत टिपून ठेवला. तो नेपच्यून होता, परंतु गॅलिलिओने त्याची नोंद स्थिर तारा म्हणूनच केली. पुढे दोनशेहून अधिक वर्षांनी, युरेनसची गती गणिताशी जुळत नाही म्हणून पॅरिसमध्ये ल व्हेरिए यांनी त्यापलीकडे एखादा ग्रह असला पाहिजे असे मानून त्याची जागा आकडेमोडीने काढली. इंग्लंडमध्ये अॅडम्स यांनीही स्वतंत्रपणे तेच गणित मांडले होते. ल व्हेरिए यांचे पत्र बर्लिनच्या वेधशाळेत २३ सप्टेंबर १८४६ रोजी पोहोचले, आणि त्याच रात्री गाले यांनी दुर्बिणीतून दिसणारे तारे एकेक करून सांगितले, डारेस्ट या तरुण साहाय्यकाने ते नकाशाशी ताडून पाहिले, तेव्हा नकाशात नसलेला एक बिंदू सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत मिळाला.

या प्रत्येकाला इंग्रजी वेगळे क्रियापद देते आणि ते न्यायाने देते. गॅलिलिओने ग्रह ‘ऑब्झर्व्ह’ केला, ‘रेकॉर्ड’ केला, पण ‘डिस्कव्हर’ केला असे कोणी म्हणत नाही, कारण आपण काय पाहतो आहोत हे त्याला ओळखता आले नाही. ल व्हेरिए यांनी तो पाहिलाच नाही, त्यांनी त्याचे स्थान ‘वर्क आउट’ केले, ‘प्रेडिक्ट’ केले. गाले यांनी तो ‘लोकेट’ केला, कारण कुठे पाहायचे हे त्यांना सांगितलेले होते. ‘डिस्कव्हर’ या शब्दाचा मान कोणाला द्यावा यावरून फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात त्या वेळी मोठा वाद झाला. माझ्या मते त्या वादाचे एक कारण असे, की त्या शब्दाला पाहणे आणि ओळखणे या दोन्ही गोष्टी हव्या असतात, आणि इथे ओळख पॅरिसमध्ये झाली होती व पाहणे बर्लिनमध्ये.

साताऱ्याच्या कास पठाराविषयीचे इंग्रजी मजकूर वाचताना हा भेद मला नेहमी आठवतो. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कासचा समावेश आहे. तिथल्या ओलसर खाचरांत वायतुरा नावाची एक वनस्पती उगवते. तिच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचे नाव गुंफलेले आहे : अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. ही जाती वनस्पतिशास्त्रात १९८०च्या दशकात नोंदली गेली. सहलीच्या माहितीपत्रकांत अशा वनस्पतीला सर्रास ‘डिस्कव्हर्ड’ म्हटलेले असते. वनस्पतिशास्त्रज्ञ स्वतः मात्र ‘डिस्क्राइब्ड’ म्हणतात. तिचे नमुने जपून ठेवले, लक्षणे लिहिली, जवळच्या जातींपासून तिचे वेगळेपण दाखवले आणि नाव दिले, एवढेच त्या शब्दात येते. तिथल्या माणसांच्या तोंडी तिला वायतुरा हे नाव आहे ही गोष्ट ‘डिस्क्राइब्ड’ नाकारत नाही. ‘डिस्कव्हर्ड’ लिहिले की ती नाकारली जाते. शास्त्रज्ञांचा शब्द इथे अधिक विनयशील आहे आणि अधिक खराही आहे.

‘डिटेक्ट’ या क्रियापदाशी सांगली जिल्ह्यातल्या माणसांचा जितका संबंध येतो तितका फार थोड्या जिल्ह्यांत येत असेल. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या भागांतून द्राक्षे युरोपात जातात आणि जाण्यापूर्वी त्यांच्यातल्या औषधांचे उर्वरित अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. युरोपीय संघाने ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. अहवालात रसायनांची लांबच लांब यादी असते आणि बहुतेकांसमोर ‘नॉट डिटेक्टेड’ किंवा ‘बीएलक्यू’ (बिलो लिमिट ऑफ क्वांटिफिकेशन) असे लिहिलेले असते. बागायतदार मला विचारतात, “ताई, म्हणजे औषध अजिबात नाही ना?” यावर ‘नाही’ असे उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. ‘डिटेक्ट’ या क्रियापदाला साधनाची अपेक्षा असते. अमुक यंत्राने, अमुक पद्धतीने, अमुक प्रमाणापर्यंत पाहिले आणि तेवढ्या कक्षेत काही दिसले नाही, इतकेच ते सांगते. ‘बीएलक्यू’चा अर्थ आणखी थोडा निराळा आहे : अंश असेलही, पण खात्रीने मोजता यावा इतका तो नाही. म्हणून अशा अहवालाच्या मराठी प्रतीत मी ‘आढळले नाही’ असे लिहिते आणि ‘नाही’ असे कधीच लिहीत नाही. ‘आढळणे’ हे क्रियापद इथे अगदी चपखल आहे, कारण त्यात पाहणारा गृहीत असतो.

शब्दाच्या या मर्यादेचा अर्थ २०१० साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांना फार महागात पडून कळला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात त्याचे, अंश युरोपात पोहोचलेल्या मालात मर्यादेपेक्षा अधिक निघाले आणि निर्यात अडकून पडली. इथल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हते. जे पाहिलेच नाही ते ‘डिटेक्ट’ होणार कसे? त्या हंगामातल्या इथल्या अहवालांत खोटे असे काही नव्हते. यादीतली जी रसायने ‘नॉट डिटेक्टेड’ होती ती खरोखरच आढळली नव्हती. वाचणाऱ्यांनी त्या दोन शब्दांचा अर्थ त्यांच्या कक्षेबाहेर ताणला होता, आणि त्याचे ओझे शेतकऱ्यावर पडले. मी अहवालाचे भाषांतर देताना तपासलेल्या रसायनांची यादी कधीही गाळत नाही, त्याचे कारण हेच आहे.

विज्ञानातही ‘डिटेक्ट’ याच अर्थाने येते. आइन्स्टाइनने १९१६ साली गणिताने सांगितलेल्या गुरुत्वीय लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन उपकरणांनी टिपल्या, तेव्हा त्या ‘डिटेक्ट’ झाल्या असेच म्हटले गेले. कल्पना जुनी होती, साधन आता तितके सूक्ष्म झाले होते. जाता जाता एक गोष्ट नोंदवते : ‘डिटेक्ट’च्या मुळाशी असलेला लॅटिन धातू झाकण्याचा अर्थ सांगतो, आणि संस्कृतातला ‘स्थग्’ हा त्याचा सगोत्र मानला जातो. सुनावणी ‘स्थगित’ झाली असे आपण लिहितो तेव्हा त्याच जुन्या धातूचा आपण उपयोग करीत असतो.

न्यायालयीन कागदांत सर्वांत जास्त विचार करायला लावणारी क्रियापदे म्हणजे ‘अॅसर्टेन’, ‘व्हेरिफाय’, ‘डिटर्मिन’ आणि ‘एस्टॅब्लिश’. पहिल्या दोहोंत गल्लत फार होते. ‘व्हेरिफाय’ करायला आधी कोणाचे तरी विधान लागते. ते खरे की खोटे हे आपण पडताळतो. ‘अॅसर्टेन’ला तशा विधानाची गरज नसते, वस्तुस्थिती काय आहे हे संशयाला जागा न उरेल अशा रीतीने माहीत करून घेणे, एवढे त्यात येते. मराठीत ‘व्हेरिफाय’साठी पडताळणी आणि शहानिशा हे शब्द उत्तम आहेत. ‘खातरजमा’ दोन्हीकडे वापरला जातो, आणि मला तो ‘अॅसर्टेन’च्या अधिक जवळचा वाटतो, कारण त्यात मनाचे समाधान होईपर्यंत थांबायचे नाही असा आग्रह आहे.

‘डिटर्मिन’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. मृत्यूचे कारण ‘डिटर्मिन’ केले म्हणजे असलेले कारण शोधून काढले. भाडे ‘डिटर्मिन’ केले म्हणजे नसलेला आकडा ठरवून दिला. एकाच शब्दात शोध आणि निर्णय दोन्ही राहतात. मराठीत ‘ठरवणे’ आणि ‘निश्चित करणे’ यांचीही नेमकी हीच स्थिती आहे, त्यामुळे भाषांतरात ही संदिग्धता जशीच्या तशी उतरते आणि वकिलांना वाद घालायला जागा मिळते. या शब्दाच्या मुळाशी सीमारेषा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे, आणि रोमन लोक हद्दीच्या दगडांत टर्मिनस नावाच्या देवाचे अधिष्ठान मानीत. भूमी अभिलेख कार्यालयातल्या ‘हद्द कायम मोजणी’ या शब्दप्रयोगाचे इंग्रजी करताना म्हणूनच मला ‘डिटर्मिनेशन’ हा शब्द अंतर्बाह्य योग्य वाटतो. मोजणी करणारा कर्मचारी जुन्या नकाशातली हद्द शोधतही असतो आणि आज जमिनीवर खुणा करून ती ठरवूनही देत असतो. त्या कामाचे स्वरूपच दुहेरी आहे आणि शब्दही तसाच आहे.

पोलिसांच्या कामात ‘इन्क्वायरी’ आणि ‘इन्व्हेस्टिगेशन’ हे वर्तमानपत्रांत एकमेकांच्या जागी येतात, परंतु कायद्यात तशी मुभा नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २मध्ये या दोहोंच्या स्वतंत्र व्याख्या होत्या, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही त्या वेगळ्याच ठेवल्या आहेत. पुरावा गोळा करण्यासाठी पोलीस अधिकारी जे करतो ते ‘इन्व्हेस्टिगेशन’, आणि संपरीक्षा, म्हणजे खटल्याची प्रत्यक्ष सुनावणी, सोडून दंडाधिकारी किंवा न्यायालय जे करते ते ‘इन्क्वायरी’. मराठीत पहिल्यासाठी अन्वेषण आणि दुसऱ्यासाठी चौकशी हे शब्द ठरलेले आहेत. ‘पोलिसांनी चौकशी केली’ हे बोलण्यात ठीक आहे. दाव्याच्या कागदात मात्र तिथे तपास किंवा अन्वेषण हवे. ‘इन्व्हेस्टिगेट’च्या लॅटिन मुळात पाऊलखूण आहे, आणि आपल्या ‘माग काढणे’ व ‘मागोवा घेणे’ यांतही तीच आहे. दोन्ही भाषांनी ही कल्पना जमिनीवरच्या ठशांवरूनच घेतली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

‘एस्टॅब्लिश’ म्हणजे पुराव्याने पक्के करणे, आणि ते क्रियापद फार जपून वापरावे लागते. कोयनेचा भूकंप याचा चांगला दाखला आहे. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे सातारा जिल्ह्यातला कोयनानगरचा परिसर हादरला आणि दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपमापकांनी धक्के ‘रेकॉर्ड’ केले, त्या नोंदींवरून केंद्र ‘लोकेट’ झाले, तीव्रता ‘एस्टिमेट’ झाली. शिवाजीसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरात लहान धक्के वाढल्याचे ‘नोटिस’ झाले होते. जलाशय आणि भूकंप यांच्यातला संबंध आज शास्त्रज्ञ मान्य करतात. परंतु त्या संबंधासाठी ते ‘कॉज’ न वापरता ‘ट्रिगर’ वापरणे पसंत करतात, कारण खडकांत ताण आधीपासून होता आणि पाण्याने त्याला निमित्त दिले, असे त्यांचे म्हणणे आहे. जमिनीच्या पोटात हे नेमके कसे घडते, हे पाहण्यासाठी कराडला केंद्र सरकारची एक स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि कोयनेच्या परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतले गेले. ‘ट्रिगर’ ‘एस्टॅब्लिश’ झाले आहे, त्याची यंत्रणा अजून ‘प्रोब’ होते आहे. मराठी बातमीत या दोन्हींसाठी ‘भूकंपाच्या कारणाचा शोध’ एवढेच लिहिले की पन्नासहून अधिक वर्षांत काहीच हाती आले नाही, असा चुकीचा समज होतो.

इतिहासाच्या प्रबंधांत ‘अनअर्थ’ आणि ‘डिस्कव्हर’ यांचा मोह विद्यार्थ्यांना फार असतो. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन या सरदार घराण्याच्या दप्तरातली पत्रे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२४ साली मृत्यू येईपर्यंत वाचली, निवडली आणि छापून काढली. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी वाईत मिळालेल्या कागदांवरून १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी साताऱ्यात जुन्या कागदपत्रांचा केवढा तरी संग्रह जमवला, जो पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. या तिघांच्या कामाला एकच क्रियापद लावणे अन्यायाचे आहे. पटवर्धनांचे दप्तर कोठे पुरलेले नव्हते आणि ते आपल्याकडे आहे हे त्या घराण्याला ठाऊक होते. तिथे ‘अनअर्थ’ शोभत नाही. खरेशास्त्र्यांच्या कामाला ‘ब्रॉट टू लाइट’ म्हणावे, कारण त्यांनी असलेले कागद उजेडात आणले आणि त्यांचा अर्थ लावला. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या वाड्यांतली बासने उघडायला लावीत, त्यांना ‘ट्रॅक डाउन’ किंवा ‘फेरेट आउट’ शोभते. हुडकून काढणे हा त्याला अगदी खरा मराठी शब्द आहे. पारसनीसांचे मोठेपण जमवण्यात आणि सांभाळण्यात आहे, आणि त्यासाठी इंग्रजीत ‘कलेक्ट’ हा साधा शब्द पुरेसा सन्मानाचा आहे.

‘फिगर आउट’ आणि ‘वर्क आउट’ यांच्याविषयी फार लिहावे असे नाही. बाहेर न पाहता, हाती असलेल्या माहितीवरच विचार करून उत्तर काढले की ही क्रियापदे येतात. पहिले अमेरिकेत अधिक चालते, दुसरे ब्रिटनमध्ये. मराठीत उलगडा आणि उकल हे शब्द हे काम निर्वेध करतात.

ज्या एका गोष्टीवर मी सगळ्यांत अधिक वेळ देते ती वेगळीच आहे. ‘फाइंड आउट’, ‘डिस्कव्हर’, ‘लर्न’, ‘रियलाइज’ ही क्रियापदे पुढे येणारे विधान खरे धरूनच चालतात. पॉल आणि कॅरोल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी १९७० साली अशा प्रकारच्या क्रियापदांचे विवेचन केले होते. ‘भावाने जमीन विकल्याचे त्याला कळले नाही’ असे म्हटले तरी भावाने जमीन विकली हे उरतेच. नकार फक्त कळण्याला लागतो. आता पोलिसांच्या कागदात ‘आरोपीने चोरी केल्याचे तपासात निष्पन्न झाले’ हे वाक्य नेहमी असते. ‘निष्पन्न झाले’ हेही विधानाला खरे धरणारे आहे. त्याचे इंग्रजीत ‘इट वॉज डिस्कव्हर्ड दॅट’ केले तर भाषांतर शब्दाला धरून होते, परंतु अधिकाऱ्याचे म्हणणे आता भाषांतरकाराच्याही तोंडून वस्तुस्थिती म्हणून बाहेर पडते, आणि आरोप अजून सिद्ध व्हायचा असतो. अशा ठिकाणी मी वाक्याचा बोलणारा स्पष्ट करते : अन्वेषण अधिकाऱ्याच्या म्हणण्यानुसार तपासाअंती असे निघाले. मूळ मजकुराशी इमान आणि आरोपीला न्याय, या दोन्ही गोष्टी एवढ्यानेच राखता येतात.

वर्तमानपत्रांनी यावर आपला तोडगा केव्हाच काढला आहे. मराठी बातमी ‘असे समजते’, ‘असे कळते’ या शब्दांनी संपते आणि भारतीय इंग्रजीतली बातमी ‘इट इज लर्न्ट’ म्हणते. दोन्हींत बातमीदार आपले नाव मागे ठेवतो. इथे ‘समजते’ हा वर्तमानकाळ विधानाची हमी सैल करतो. ‘समजले’ असे भूतकाळात लिहिले तर ती परत घट्ट होते. एका प्रत्ययाने होणारा हा बदल इंग्रजीत दाखवायला ‘इज अंडरस्टुड टू हॅव’ अशी सगळी रचना मांडावी लागते.

कळणे, समजणे, उमजणे, उमगणे, ध्यानात येणे, लक्षात येणे : या भागात मराठी इंग्रजीपेक्षा संपन्न आहे, असे माझे ठाम मत आहे. यांतल्या पहिल्या चारांत जाणणारा चतुर्थीत बसतो, ‘मला’ कळते, ‘मला’ उमगते, शेवटच्या दोहोंत तो षष्ठीत जातो, ‘माझ्या’ लक्षात येते, आणि सर्वांतच कर्तेपद त्या गोष्टीकडे जाते. इंग्रजीत जवळपास सगळीकडे ‘आय’ पुढे उभा राहतो. ‘रियलाइज’ हे ‘लक्षात येणे’च्या जवळ जाते, कारण त्यातही माहिती आधीच हाती असते आणि तिचा अर्थ मागाहून उतरतो. ‘इट डॉन्ड ऑन मी’ ही रचना आपल्या रचनेसारखी आहे, पण ती एकदाच, अचानक घडलेल्या गोष्टीसाठी वापरतात. ‘उमगणे’ मात्र हळूहळूही होते, आणि जे उमगते ते बहुधा आपल्याला आतून बदलून जाते. प्रबंधात शाहिरांविषयी किंवा संतांविषयी लिहिताना विद्यार्थी हा शब्द वापरतात, तेव्हा मी त्याचे इंग्रजी प्रत्येक वेळी संदर्भ पाहून नव्याने करते. एका ठिकाणी ‘केम टु अंडरस्टँड’ चालते, दुसऱ्या ठिकाणी ‘केम टु सी’, आणि जिथे त्या व्यक्तीच्या पुढच्या सगळ्या आयुष्याचा संबंध येतो तिथे एक शब्द पुरत नाही म्हणून मी ते आयुष्य कसे बदलले हे सांगणारे उपवाक्य विद्यार्थ्याच्या संमतीने जोडते.